गोलंदाजाच्या घामाचा भाव कोण ठरवतं?

विदर्भातल्या साखरखेर्ड्यात टेनिस बॉलवर वेगाने मारा करणाऱ्या पोरांना उमेश यादव जवळचा वाटणारच. खापरखेड्याजवळच्या वलनीतल्या कोळसा खाण कामगाराचा हा मुलगा 2011 मध्ये भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. 57 कसोट्यांत 170 बळी, तेही बरेचसे फिरकीला साथ देणाऱ्या मायदेशी खेळपट्ट्यांवर. आयपीएलच्या 2024 च्या हंगामासाठी गुजरात टायटन्सने त्याला 5.80 कोटी मोजले. त्यानंतरच्या लिलावात, वयाच्या 37 व्या वर्षी, त्याच्यावर कुणीच बोली लावली नाही. वय झालं, हे खरंच आहे. पण गोलंदाजाची कमाई केवळ हातातल्या कसबावर ठरते, हा समज मला पटत नाही. ती ठरते करारावर, आणि तो करताना खेळाडूच्या बाजूने कोण बसलंय यावर.

विदर्भाच्याच हर्ष दुबेचं बघा. 2024-25 च्या रणजी हंगामात या डावखुऱ्या फिरकीपटूने 69 बळी घेतले. एका हंगामात इतके बळी रणजीत आजवर कुणी घेतले नव्हते. विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. 2021 च्या दरानुसार नवख्या रणजीपटूला दिवसाला 40 हजार रुपये मिळतात, म्हणजे दहा सामन्यांचे सतरा लाखांच्या आसपास. नंतर आयपीएलमध्ये हैदराबादने त्याला बदली खेळाडू म्हणून 30 लाखांत घेतलं. त्याआधीच्या वर्षी कोलकात्याने मिचेल स्टार्कसाठी 24.75 कोटी मोजले होते, सामन्याला फार तर 24 चेंडूंसाठी. स्टार्क थोर गोलंदाज आहे आणि अंतिम सामना त्याने गाजवलाही. पण ही दरी गुणवत्तेची नव्हे, कराराची आहे.

अमेरिकेत बेसबॉलचा पिचर म्हणजे आपला गोलंदाजच. न्यूयॉर्क यांकीजने 2019 मध्ये गेरिट कोलशी नऊ वर्षांचा, 32.4 कोटी डॉलरचा करार केला. 2025 मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे त्याला सबंध हंगाम बाहेर बसावं लागलं, तरी पगार चालू राहिला, कारण करारातच तशी हमी होती. ही मालकांची उदारता नव्हे. 1975 पर्यंत क्लब खेळाडूला स्वतःकडे बांधून ठेवू शकत. त्या वर्षी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली, दोघेही पिचर, नव्या करारावर सही न करता मैदानात उतरले. खेळाडूंची संघटना पाठीशी उभी राहिली आणि लवादाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे फक्त बड्या खेळाडूंपुरतं, असं कुणी म्हणेल. पण 2022 मध्ये खालच्या लीगमधले खेळाडूही संघटनेत आले आणि पुढच्याच वर्षी ट्रिपल-ए पातळीवरचं किमान वार्षिक वेतन 17,500 वरून 35,800 डॉलरवर गेलं.

लोक ट्वेंटी-20 बघतात, पैसाही तिथेच येतो, हा आक्षेप रास्त आहे. 2023 ते 2027 चे आयपीएल प्रक्षेपणहक्क 48,390 कोटींना गेले. पण त्या लीगला लागणारे देशी गोलंदाज रणजीच्या चार दिवसांच्या सामन्यांतच घडतात, मग त्या मेहनतीचा वाटा त्यांना का नको? भारतीय क्रिकेट मंडळाने रणजीचं मानधन वाढवलं, कसोटीपटूंना प्रोत्साहनपर रक्कम दिली, हे चांगलंच झालं. मात्र ती वाढ मंडळाने आपणहून ठरवली. 2019 मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटू संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. खेळत्या खेळाडूंना वाटाघाटीचा हक्क असलेली स्वतःची संघटना हवी आणि रणजीपटूला दुखापतीतही टिकणारा हंगामी करार हवा. तीन करंडक जिंकलेल्या विदर्भाच्या खेळाडूंनी ही मागणी सर्वांत आधी लावून धरावी.