जमिनीचा उतार आणि नत्र

पिकांच्या हिरव्या वाढीस आवश्यक असणारे नत्र हवेत विपुल आहे. हवेच्या 100 भागांपैकी सुमारे 78 भाग नत्रच असते. परंतु पिकांना ते त्या रूपात घेता येत नाही. जमिनीतील बहुतेक नत्र पालापाचोळा, मुळे व शेण कुजून झालेल्या सेंद्रिय द्रव्यात साठलेले असते. जीवाणू ते थोडेथोडे मोकळे करतात, तेव्हा ते पिकास मिळते. हे द्रव्य मुख्यतः वरच्या वीतभर थरात असते. म्हणून जेथे हा थर टिकतो, तेथे नत्र टिकते.

दख्खनच्या पठारावरील एखाद्या गावाचे शिवार टेकडीपासून ओढ्यापर्यंत पाहिले असता याचा प्रत्यय येतो. माथ्यावरील माळ उथळ व मुरमाड असतो. तेथे गवत तोकडे, म्हणून नत्रही थोडे. उतारावर पावसाचे पाणी बारीक माती वाहून नेते आणि हलके सेंद्रिय द्रव्य तिच्याबरोबर जाते. हा गाळ पायथ्याशी व ओढ्याकाठी साठतो. त्यामुळे खालच्या जमिनीत सामान्यतः नत्र अधिक आढळते.

या नियमास मर्यादाही आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर दाट झाडी असेल, तर उंच जागीही पाचोळ्यामुळे नत्र भरपूर असते. उलट, सखल शेतात पाणी तुंबल्यास प्राणवायूच्या अभावी काही जीवाणू नत्राचे वायूत रूपांतर करतात व ते हवेत निघून जाते. शिवाय मातीचा काळा रंग हा नत्राचा पुरावा नव्हे. आपल्या उष्ण हवेत सेंद्रिय द्रव्य लवकर कुजून संपते. त्यामुळे खोल काळ्या रानातही नत्राची उणीव असू शकते. हेक्टरी 280 किलोपेक्षा कमी उपलब्ध नत्र असल्यास ते कमी समजतात. हे डोळ्यांना दिसत नाही. माती तपासूनच कळते. 2015 साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत त्याची नोंद असते.

शिक्षकांनी पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांस उतारावरील नांगरट व गवताळ बांध या दोन्ही ठिकाणचे वाहते पाणी काचेच्या भांड्यांत भरून आणावयास सांगावे. रात्रभर ठेवल्यावर तळाशी बसलेला गाळ मुलांनी स्वतः मोजावा. तो गाळ म्हणजे त्यांच्याच घरच्या पिकाचे अन्न होय, हे मग निराळे सांगावे लागणार नाही. बांधबंदिस्ती, उतारास आडवी नांगरट, शेणखत आणि मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधणारी तूर-हरभऱ्यासारखी पिके यांचे महत्त्व त्यानंतर समजावून द्यावे.