ऐकून घेणारा माणूस : मदतवाहिन्यांचे कार्य

ताप आलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावे, हे आपल्या वस्तीतील लहान मुलालाही समजते. परंतु मनाने खचलेल्या माणसासाठी काय करावे, हे शिकल्यासवरलेल्या घरांतही उमगत नाही. लोक काय म्हणतील या भीतीने दुःख घरातच दाबले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यवार पाहता सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ मृत्यू आपल्या महाराष्ट्रातील होते. म्हणूनच दूरध्वनीवरून मानसिक आधार देणाऱ्या मदतवाहिन्यांची ओळख सभासद व विद्यार्थी बंधु-भगिनींना करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या कार्याचा पाया इंग्लंडमध्ये घातला गेला. १९३५ साली लिंकन येथे चॅड वराह या तरुण धर्मोपदेशकाने एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी केला. मासिक पाळी सुरू होताच आपल्याला गुप्तरोग झाला असे समजून तिने जीव दिला होता. निःसंकोचपणे विचारावे असे तिला कोणीच नव्हते. वराह हे विसरले नाहीत. २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यांनी लंडनमधील एका चर्चमध्ये दूरध्वनी सेवा सुरू केली. लोक प्रत्यक्षही येऊ लागले. ताटकळत बसलेल्यांना स्वयंसेवक चहा-कॉफी देत आणि त्यांचे बोलणे ऐकत. तेवढ्यानेच पुष्कळांचे मन हलके होते, हे पाहून वराह यांनी १९५४ साली ऐकण्याचे काम स्वयंसेवकांवरच सोपविले. हीच 'समॅरिटन्स' संस्था होय. आपल्याकडे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. पुण्यात 'कनेक्टिंग' ही संस्था असेच कार्य करते.

अशा ठिकाणी फोन उचलणारा स्वयंसेवक सामान्य नागरिकच असतो, परंतु त्याला रीतसर प्रशिक्षण दिलेले असते. तो जात-धर्म विचारीत नाही. नाव सांगण्याची सक्ती करीत नाही. ऐकलेले गुप्त ठेवतो. नापास झालेल्या मुलाला आपण चटकन म्हणतो, "एवढ्याने काय होते? अभ्यास कर." स्वयंसेवक म्हणतो, "फार वाईट वाटत असेल. सांग, मी ऐकतो आहे." मरणाचे विचार मनात येतात का, हेही तो स्पष्टपणे विचारतो. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो हा समज चुकीचा आहे. उलट कोंडलेला माणूस बोलता होतो.

मात्र मदतवाहिनी कर्ज फेडत नाही, नोकरी देत नाही, औषधोपचारही करीत नाही. अन्यायाविरुद्ध समाजालाच उभे राहावे लागते व आजारासाठी डॉक्टरांकडेच जावे लागते. शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते. तेथे स्वयंसेवक नसून प्रशिक्षित समुपदेशक असतात. जिवाला तातडीचा धोका असेल तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता ११२ वर फोन करावा किंवा तिला रुग्णालयात न्यावे.

पोलिसांच्या भीतीनेही अनेक कुटुंबे गप्प बसतात. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. तिची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले आहे.

सभासदांनी हा क्रमांक अभ्यासिका, वसतिगृह व विहाराच्या सूचनाफलकावर लावावा, विशेषतः निकालाच्या दिवसांत. आणि विद्यार्थी मित्रांनो, आधार मागण्यात कमीपणा नाही. मित्र अचानक अबोल झाला, तर त्याच्याजवळ बसा, त्याचे सर्व ऐकून घ्या आणि गरज पडल्यास त्याच्यासोबत बसूनच हा फोन लावा.