भिंतीच्या पोटातला शोध

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाने थकलेली गावे गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. मराठवाड्यातली किल्लारी, सास्तूर ही गावे ढिगाऱ्याखाली गडप झाली; सुमारे १०,००० माणसे गेली. शिरूर अनंतपाळ, निलंग्याकडची घरेही त्याच दगडमातीची. तिथेही माणसे भिंतींना भिऊन उघड्यावर निजू लागली.

देशभरातून धान्य, तंबू, औषधे आली. ५२ गावे नव्या जागी वसवण्याचे ठरले. पण उरलेल्या गावांतल्या लाखभराहून अधिक घरांचे काय? ती सारी पाडून नव्याने बांधणे आवाक्याबाहेरचे होते, आणि दगडानेच माणसे मारली, हा निवाडा तर गावोगाव होऊन चुकला होता.

अभियंते पडझड निरखू लागले आणि त्या निवाड्यालाच तडा गेला. कित्येक घरांच्या भिंती जमीनदोस्त झाल्या होत्या, तरी लाकडी खांब-तुळयांनी माळवद तोलून धरले होते. अर्धवट पडलेल्या भिंतींनी तर गुपितच उघड केले: बाहेरचा थर कोसळलेला, आतला उभा! तीन-तीन फूट जाडीच्या त्या भिंती एकसंध नव्हत्याच. दोन सुटे थर, मध्ये चिपा नि माती. दोहोंना जखडणारा आरपार दगड कुठेच नव्हता. गुन्हेगार सापडला होता.

पण उभ्या भिंतीत असा दगड बसवायचा कसा? पहारीचा घाव घालावा, तर शेजारचे दगड ढळत. अखेर चिकाटीचीच वाट उरली. लहान सळईने एकेक दगड हलकेच सैल करायचा, दोन्ही तोंडांशी रुंद नि मध्ये निमुळते भोक पाडायचे, आकडे वळवलेली सळई ठेवून त्यात काँक्रीट भरायचे. अहमदाबादच्या 'असाग' संस्थेच्या राजेंद्र आणि रूपल देसाई यांनी हे तंत्र प्रत्यक्ष घरांवर करून दाखवले. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'ने गावातल्याच बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. सुरक्षित बांधणी त्यांनी घरोघर समजावली.

तरीही भीती जिंकलीच. बहुतेक कुटुंबांनी मदतीच्या पैशांतून जुनी भिंत सांधण्याऐवजी शेजारी नवी खोली उभारली. त्यांना दोष देववत नाही. तंत्र मात्र वाया गेले नाही. २००१च्या भूकंपानंतर ते कच्छमध्ये उपयोगी पडले.

तुमच्याकडे आजही दगडाची भिंत चढत असेल, तर गवंड्यापाशी उभे राहा. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर एक आरपार दगड पडलाच पाहिजे, असे त्याला ठणकावून सांगा.