एक ब्रास माती

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल. एवढा खड्डा खणला की शंभर घनफूट माती निघते, म्हणजे एक ब्रास. रोजगार हमीच्या कामावर अशा खड्ड्याला चौकडी म्हणतात. खामगाव तालुक्यातले जुने पाझर तलाव, नालाबांध आणि मुरमाचे रस्ते पाहत हिंडायचा मला नाद आहे. घरचे त्याला उनाडपणा म्हणतात. तलावाच्या पोटात उतरलो की पाण्याआधी माझी नजर चौकड्यांच्या खुणा शोधते. सरकारने किती काम काढलं ते अहवालात सापडतं, पण मजुराच्या हातात काय पडलं ते चौकडीवरूनच कळतं.

रोजगार हमी योजनेचा इतिहास इथे भराभर उरकतो, कारण तो पुस्तकांतून सहज मिळतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. 1965 च्या सुमारास तिचा प्रयोग त्यांच्या तासगाव तालुक्यात झाला. 1972 मध्ये ती राज्याची योजना झाली, 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. ‘मागेल त्याला काम’ हे त्याचं ब्रीद. पैसा उभा राहिला तो 1975 च्या व्यवसाय करातून आणि सरकारने घातलेल्या तेवढ्याच भरीतून. मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, त्या कपातीचं मूळ विदर्भ-मराठवाड्यातल्या चौकड्यांत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 2005 चा केंद्राचा कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

आता खामगावकडे वळू. इथलं पहिलं मोठं सार्वजनिक काम मजुरासाठी नव्हतंच, ते कापसासाठी होतं. 1870 मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा छोटा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. वऱ्हाडातल्या एका बाजारगावी व्हाइसरॉयने यावं, कारण इथल्या गाठी लँकेशायरच्या गिरण्यांना हव्या होत्या. कापसाला रूळ मिळाले. कापूस पिकवणाऱ्यांची वेळ आली ती तीस वर्षांनी, 1899-1900 च्या दुष्काळात, आणि त्यांना मिळाली खडी फोडायला. (त्या काळातले कागद कुणाला चाळायचे असतील तर अकोल्याच्या नावाखाली शोधावेत. खामगाव बुलडाण्यात आलं ते 1905 मध्ये.)

खडीचा ढीग असो की मातीचा खड्डा, मोजून दाम देण्याची रीत तेव्हाही होती. त्याआधी, 1877 च्या दुष्काळात, ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. दुष्काळी कामावरचा मजूर म्हणजे हात पसरलेला माणूस, ही समजूत त्याच वेळी खोटी ठरली होती.

मोजणी चालते ती अशी. आधी चुन्याने किंवा दोरीने चौकडी आखतात. पुरुष टिकावाने खणतो, बाई घमेलं भरून बांधावर नेऊन टाकते. मोजायचा तो खड्डा, बांध नव्हे. खणलेली माती फुगते आणि नंतर दबते, म्हणून ढिगाचं माप फसवं. मूळ जमीन किती उंच होती हे कळावं म्हणून खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवतात. अभियंता त्या खुंटाच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप लावतो आणि आकडा मोजमाप पुस्तिकेत चढतो. खुंटाच्या माथ्यावर कुणी गुपचूप चार बोटं माती चढवली तर तेवढंच काम वाढतं. ते ओळखायला माथ्यावरचं गवत पाहतात. जुनं मुळासकट गवत असेल तर खुंट खरा.

यापुढे खरा वाद सुरू होतो. माती, मुरूम, कठीण मुरूम आणि खडक यांचे दर वेगळे. माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली, त्याची भर वेगळी. हे दर असे बांधलेले की साधारण प्रकृतीच्या माणसाने दिवसभर नेटाने खणलं तर किमान वेतन पडावं. कागदावर हिशेब चोख. पण उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी होते आणि टिकावाला ठिणगी उडते, ती जमीन पुस्तिकेत ‘माती’ म्हणूनच राहते. बहात्तरच्या दुष्काळी कामांवर पोरवयात घमेली वाहिलेल्या एका आजींना मी याबद्दल विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, “आमाले मुरूम लागे, सायबाले मातीच दिसे, बाप्पा!” मजुरीच्या अर्थशास्त्रावर यापेक्षा नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

मोजणी होण्याआधी वळवाचा पाऊस आला तर चौकड्या पाण्याने भरतात, खुंट विरघळतो आणि आठवड्याची मजुरी अधांतरी लटकते. गँगची मजुरी एकत्र निघते आणि हजेरीनुसार वाटली जाते, म्हणून धट्टीकट्टी माणसं म्हाताऱ्यांना, एकट्या बायांना आपल्या गँगमध्ये घ्यायला का कू करतात. हा दोष योजनेच्या मनात नव्हता, दरपत्रकात होता. आणि तरीही मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन ती तगली. ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ त्या दुष्काळाचा दाखला आजही देतात, तो याचसाठी.

आता कामं टिकली का, हे. खामगाव तालुक्याचे दोन स्वभाव आहेत. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा घाट, तिथे भेगाळलेला बेसाल्ट. उत्तरेला पूर्णेचं खोरं, खोल चिकणमाती आणि खारपाणपट्टा. पाझर तलावाचं काम पाणी साठवणं नव्हे, जिरवणं. घाटाकडच्या तलावाखाली फेब्रुवारीतही हरभरा हिरवा दिसतो. खारपाणपट्ट्यात पाणी जिरायला चिकणमाती आड येते आणि खाली मुळातच खारं पाणी. तिथे पावसाचं पाणी वरच्या वर धरणारं शेततळंच उपयोगी. एकच नमुना सगळीकडे राबवणाऱ्यांना मी कधीतरी दोन्ही टोकांच्या विहिरींचं पाणी पाजणार आहे.

अलीकडे इथे बोलबाला आहे तो ‘बुलडाणा पॅटर्न’चा. मुंबई-कोलकाता महामार्ग रुंद करताना भरावाला माती हवी होती. ती तलाव, नाले खोल करून उचलली, रस्त्याला भराव मिळाला, तलावाला खोली मिळाली. कल्पना झकास आहे आणि मी तिचा चाहता आहे. 2018 पासून जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेच्या पुढाकाराने यंत्रांनी गाळ काढायची मोठी मोहीमही झाली. पण पोकलेन एका दिवसात जेवढं उपसतं तेवढ्या चौकड्या खणायला शेकडो माणसं लागली असती. पाण्याचा प्रश्न सुटतो, मजुरांच्या हजेरीचं मस्टर कोरं राहतं. 2005 च्या कायद्याने मजुरांना हटवणारी यंत्रं आणि कंत्राटदार वर्ज्य केले, मजुरी आणि साहित्य यांचं 60:40 प्रमाण घातलं, ते काही हौसेने नव्हे. दोन्ही हिशेब एका तलावात बसवायचे तर गाळ यंत्राने काढावा आणि पिचिंग, सांडवा, बांधावरची झाडं माणसांच्या हाती द्यावीत, असं माझं मत.

मस्टरही बदललं. 1 जानेवारी 2023 पासून मोबाइलच्या ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो सक्तीचा झाला. माणूस कामावर उभा होता हे फोटोत दिसतं, त्याला मुरूम लागला की माती हे दिसत नाही. त्यासाठी टेप घेऊन कुणीतरी खड्ड्यात उतरावंच लागतं.

गाळाचं पुढे काय होतं तेही बघण्यासारखं. 2017 च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ फुकट होता, वाहतूक शेतकऱ्याची. साहजिकच ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याच्या शेतात गाळ. 2023 पासून लहान शेतकऱ्यांना वाहतुकीला अनुदान सुरू झालं, तेही घनमीटरवर. गेल्या उन्हाळ्यात घाटाकडच्या एका तलावावर दोन एकरांचे एक मालक ट्रॉली पावलांनी मोजत होते, तीन पावलं लांब, दोन रुंद, आणि शेजारी उभ्या मुलाला आकडा वहीत मांडायला सांगत होते. साहेबांचं माप येईल तेव्हा येईल, आपलं आधी लिहून ठेव, म्हणाले.