पंचवीस सेंटांचा बाजार

2000 साली कॅनडातल्या कॅलगरीत ब्रूस लिव्हिंगस्टोनने 'आयस्टॉकफोटो' सुरू केलं, तेव्हा तिथले फोटो फुकट होते. डिझायनरांनी आपले फोटो टाकावेत, दुसऱ्यांचे घ्यावेत, असा आपसातला व्यवहार. वर्दळ वाढली, सर्व्हरचा खर्च झेपेना, म्हणून फोटोमागे 25 सेंट आकारायला सुरुवात झाली. जानेवारी 2025 मध्ये याच आयस्टॉकची मालक असलेल्या 'गेटी इमेजेस'ने आणि 'शटरस्टॉक'ने विलीनीकरणाची घोषणा केली. एकत्रित कंपनीचं मूल्य, कर्ज धरून, सुमारे 370 कोटी डॉलर सांगितलं गेलं. मधल्या पंचवीस वर्षांत माझ्यासारख्या कितीतरी फोटोग्राफरांनी या बाजारात चार पैसे मिळवले. तरी सगळा हिशेब मांडला की एक गोष्ट ठळक दिसते. सुट्या फोटोचा भाव उतरत गेला आणि फोटोंच्या ढिगाचा चढत गेला. फोटो आमचे होते, ढीग कधीच आमचा नव्हता.

तयार फोटो विकणारी दुकानं इंटरनेटच्या आधीही होती. नाझी जर्मनीतून ट्रंका भरून चित्रं आणि छायाचित्रं घेऊन निघालेल्या ऑटो बेटमन यांनी 1936 साली न्यूयॉर्कमध्ये आपलं संग्रहालय थाटलं. 1995 साली ते बिल गेट्स यांच्या 'कॉर्बिस'ने विकत घेतलं. त्याच वर्षी मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी गेटीचा पाया घातला. आपल्याकडे मुंबईत जगदीश अग्रवाल यांची 'दिनोदिया' ही फोटो एजन्सी 1987 पासून. तेव्हाची पद्धत अशी: फोटोग्राफरने निवडक स्लाइड एजन्सीकडे ठेवायच्या, कॅलेंडरवाल्याने किंवा जाहिरात एजन्सीने त्या लाइटबॉक्सवर पाहायच्या आणि मग भाव ठरायचा. फोटो मुखपृष्ठावर की आत, किती प्रतींवर, किती वर्षांसाठी, हे विचारल्याशिवाय रक्कम निघत नसे. आलेल्या पैशांतला साधारण निम्मा वाटा फोटोग्राफरचा. मात्र दार अरुंद होतं. मुंबई-दिल्लीबाहेरच्या माणसाची स्लाइड त्या कपाटात पोहोचणं कठीणच.

दार उघडलं ते डिजिटल कॅमेऱ्याने. 2003 साली कॅननचा 300डी हजार डॉलरांच्या आत आला आणि चांगला कॅमेरा लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्याही आवाक्यात आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन ओरिंजरने स्वतः काढलेले सुमारे 30 हजार फोटो चढवून शटरस्टॉक सुरू केलं. त्याने सुटी विक्री ठेवलीच नाही. महिन्याला 49 डॉलर भरा आणि रोज ठरावीक संख्येने हवे ते फोटो घ्या, अशी वर्गणी ठेवली. बाहेरचे फोटोग्राफर आले, तेव्हा त्यांना डाउनलोडमागे 25 सेंटांच्या आसपास मिळू लागले. फेब्रुवारी 2006 मध्ये गेटीने आयस्टॉक 5 कोटी डॉलरांना घेतलं. महाग फोटो विकणाऱ्यांनीच स्वस्त दुकान विकत घेतलं, तेव्हा वारं कुठे वाहतंय हे कळायला हवं होतं. पण सांगलीत बसून आम्हाला त्यात संधीच दिसत होती आणि ती खोटी नव्हती.

लग्नसराई संपली की आषाढात माझा स्टुडिओ ओस पडतो. त्या रिकाम्या दिवसांत माझी ऑनलाइन विक्री सुरू झाली. आधी प्रवेश परीक्षा. शटरस्टॉकवर त्या काळी दहा फोटो पाठवावे लागत आणि त्यांतले सात पास व्हावे लागत. इतर ठिकाणीही तपासणी कडक असे. शंभर टक्के मोठं करून पाहणारा परीक्षक सावलीतले दाणे, फोकसची चूक, कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का, काही सोडत नसे. स्टुडिओच्या धंद्यात आम्हाला कुणी इतकं बारकाईने तपासलं नव्हतं. या बाजाराने पैसे किती दिले ते पुढे येईलच, हात मात्र त्याने चांगलाच साफ केला.

माझा सर्वांत जास्त विकला गेलेला फोटो हळदीचा आहे. पांढऱ्या कार्डशीटवर स्टीलची वाटी, वाटीत हळद, शेजारी चार हळकुंडं. उजेड खिडकीचा, समोरून थर्माकोलचा तुकडा धरून सावली मऊ केलेली. वाटी स्टीलची असल्यामुळे तिच्यात कॅमेरा आणि मी दोघंही दिसत होतो. ते घालवायला भोवती बटर पेपर लावावा लागला. मग कीवर्ड. एका फोटोला पन्नासपर्यंत शब्द देता येतात आणि फोटो सापडणार तो त्यांवरूनच. हळद, मसाला, पिवळा, भारत एवढ्यावर भागत नाही. आयुर्वेद, सांधेदुखी, सौंदर्यप्रसाधन, हळदीसमारंभ, असा गिऱ्हाइकाच्या डोक्यात शिरून विचार करावा लागतो. 2016 च्या सुमारास पाश्चात्त्य कॅफेंत हळदीच्या दुधाचं खूळ आलं, तेव्हा याच वाटीचे डाउनलोड वाढले.

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीच्या सौद्याचा फोटो त्याहून सरस होता. हळदीच्या राशी, धुळीतून येणारा उजेड, पाठीवर पोतं घेतलेला हमाल. पण ओळखू येणारा चेहरा जाहिरातीसाठी विकायचा तर त्या माणसाची लेखी संमती लागते. इंग्रजी फॉर्म पुढे केला, तर हमालमामा म्हणाले, "सही कशाला पायजे? जमीन लिहून घेतायसा काय?" समजावलं, हसले, पण सही काही केली नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपला चेहरा कुठल्या देशात कोणत्या मालावर लागेल, हे मीही त्यांना सांगू शकत नव्हतो. तो फोटो मग संपादकीय वापरापुरता गेला, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक. वर्षाकाठी एखाददुसरी विक्री.

2010 च्या सुमारास डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता. 25 सेंट म्हणजे अकरा रुपये. एका फोटोला अकरा रुपये ऐकून घरचे हसायचे, पण तोच फोटो पुन्हा पुन्हा विकला जातो हे गणित त्यांना हळूहळू पटलं. ठरावीक रक्कम साठल्याशिवाय पैसे निघत नसत. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जाई. पॅन नंबर देऊन डब्ल्यू-एट बेन फॉर्म भरला तर 15 टक्के, नाही तर 30. वीजबिल, फोनबिल, कधी नवी लेन्स, एवढं यातून सुटायचं. संसार यावर कुणी करू नये, पण जोडधंदा म्हणून झकास.

परदेशी संकेतस्थळांवर तेव्हा भारत म्हणजे साधू, हत्ती आणि ताजमहाल. दिल्लीत 2006 साली संदीप माहेश्वरी यांनी 'इमेजेसबाजार' काढलं ते ही उणीव हेरून. लॅपटॉपसमोरचं कुटुंब, ऑफिसातली मुलगी, डॉक्टरांशी बोलणारे आजोबा, असे भारतीय चेहरे बँकांना आणि विमा कंपन्यांना हवेच होते.

भावाची घसरण एका दिवसात झाली नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये शटरस्टॉकचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले, तेव्हा त्यांच्याकडे 2 कोटींच्या घरात प्रतिमा होत्या. 2020 पर्यंत त्या 30 कोटींवर गेल्या. माझी वाटी तीच, पण तिच्याभोवती आता हजारो वाट्या. 2013 पासून 'अनस्प्लॅश'वर चांगले फोटो फुकटच मिळू लागले. अडोबीने 'फोटोलिया' हे फोटोंचं दुकान सुमारे 80 कोटी डॉलरांना घेण्याचा करार डिसेंबर 2014 मध्ये जाहीर केला. हा सगळा पैसा कोट्यवधी फोटो एका शोधाच्या चौकटीत आणण्याचा होता. 1 जून 2020 पासून शटरस्टॉकने मोबदल्याची रीत बदलली: 15 ते 40 टक्के वाटा, किमान 10 सेंट, आणि दर 1 जानेवारीला प्रत्येकाची पायरी पुन्हा तळाला. दहा सेंट म्हणजे तेव्हाचे साडेसात रुपये. कोविडमुळे लग्नं बंद, स्टुडिओ बंद, अशा दिवसांत हे आलं. अनेकांनी निषेध म्हणून आपले फोटो विक्रीतून काढले. दुकानाचं फारसं अडलं नाही, कारण ढिगातून मूठभर काढल्याने ढीग हलत नाही.

पुढचा टप्पा तर असा आला, की फोटो पाहणारा माणूसच मधून गेला. ऑक्टोबर 2022 मध्ये शटरस्टॉकने ओपनएआयशी हातमिळवणी जाहीर केली. चित्रं काढणाऱ्या एआय यंत्राला शिकवण्यासाठी फोटो दिले जाऊ लागले आणि त्याचा मोबदला म्हणून फोटोग्राफरांसाठी निधी आला. गेटीने यंत्रनिर्मित चित्रं नाकारली आणि 'स्टॅबिलिटी एआय'वर खटला भरला. लंडनच्या उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2025 चा निकाल बहुतांशी गेटीच्या विरोधात गेला. शिकवणीसाठी कोणता फोटो किती कामी आला, याचा हिशेब फोटोग्राफरला करता येत नाही. इथे ढिगाची किंमत पूर्ण झाली आणि सुट्या फोटोची उरलीच नाही.

आज पांढऱ्या पार्श्वभूमीवरची हळदीची वाटी यंत्र अर्ध्या मिनिटात काढून देतं, आणि तिच्यात कॅमेराही दिसत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीचा अमुक दिवशीचा सौदा मात्र यंत्राला काढता येत नाही. म्हणून यार्डाचा तो संपादकीय फोटो अजून अधूनमधून विकला जातो आणि वाटी थंडावली आहे.

कायद्याने फोटोचा मालक मीच आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. पंचवीस वर्षांत आम्ही मालकी गमावली नाही, भाव सांगण्याची जागा गमावली. ती अजून थोडीफार परत मिळते, ती थेट व्यवहारात. इथले मसालेवाले आणि शेतकऱ्यांच्या कंपन्या आता माझ्याकडे फोटो मागतात, तेव्हा मी जुन्या एजन्सीवाल्यांचेच प्रश्न विचारतो: पाकिटावर की होर्डिंगवर, किती पाकिटं, किती वर्षं? ऑनलाइन विक्री मी बंद केलेली नाही. वीजबिल अजून त्यातूनच भरतो. नवा, चांगला फोटो मात्र आधी त्या ढिगात टाकत नाही.