अक्षर, नाणे आणि वस्तरा : अमेरिकन अभिजात साहित्य वाचताना

एम.ए.ला इंग्रजी घेतलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकन साहित्याच्या पेपरात जे प्रश्न येतात त्यांचा साचा ठरून गेलेला आहे. हेस्टर प्रिनचे स्वभावचित्र रेखाटा. हॉथॉर्नच्या शैलीची वैशिष्ट्ये सांगा. 'मोबी डिक'मधील प्रतीकयोजना विशद करा. बाजारातल्या गाइडांत या तिन्हींची उत्तरे तयार मिळतात. विद्यार्थी ती पाठ करतो, पास होतो, आणि पुढे तोच प्राध्यापक झाला की तीच उत्तरे लिहून देतो. ही पात्रे, ही भाषा आणि ही प्रतीके ज्या देशात जन्मली त्या देशात १८५० च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३२ लाख माणसे गुलाम होती, ही गोष्ट त्या उत्तरांत कुठेच येत नाही.

दुसऱ्या टोकाला आपले काही कार्यकर्ते मित्र आहेत. त्यांच्या मते शैली आणि प्रतीक ही कलावाद्यांची खेळणी आहेत. आपण आशय पाहावा आणि मोकळे व्हावे. मला हे मान्य नाही. या पुस्तकांत गुलामीविषयीचे सत्य पुष्कळदा आशयात दडवलेले असते आणि शैलीत उघडे पडते. पात्र, शैली, प्रतीक ही हत्यारे टाकून दिली तर आपण स्वतःलाच निहत्ते करू. फक्त ती दुसऱ्याच्या हातून घेताना कोणत्या मुठीने धरायची, हे आपले आपण ठरवले पाहिजे.

ज्याला आज अमेरिकेचे अभिजात साहित्य म्हणतात त्याची यादीही कुणीतरी केलेली आहे. एफ. ओ. मॅथीसन या समीक्षकाने १९४१ साली 'अमेरिकन रेनेसान्स' हा ग्रंथ लिहिला आणि १८५० ते १८५५ या काळातले पाच लेखक मध्यभागी बसवले : इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन. पाचही गोरे, पाचही पुरुष. व्हिटमनचा 'लीव्हज ऑफ ग्रास' १८५५ चा. त्याच वर्षी फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून पळून आलेल्या माणसाचे दुसरे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तो त्या पाचांत नाही. पाच लेखक मोठे आहेत याविषयी वाद नाही. पण ते ज्या खोलीत बसवले आहेत तिला आणखी एक दार आहे, आणि ते दार उघडल्यावर याच लेखकांची पाने वेगळी दिसू लागतात.

प्रथम अक्षराची गोष्ट घेऊ. हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी मार्च १८५० मध्ये आली. काळ सतराव्या शतकाचा, स्थळ बॉस्टन. नवरा दूर असताना हेस्टरला मूल झाले म्हणून प्युरिटन समाज तिला तान्ह्या मुलीसह चौथऱ्यावर उभे करतो आणि छातीवर 'ए' हे लाल अक्षर जन्मभर वागवण्याची शिक्षा देतो. हेस्टर ते अक्षर सोन्याच्या धाग्याने असे भरते की शिक्षा दागिन्यासारखी दिसते. पुढे ती याच कशिद्यावर पोट भरते. गव्हर्नरचे कपडे तिच्या हातचे असतात, बाळांची दुपटी तिच्या हातची असतात. फक्त नवरीचा पांढरा बुरखा तिला कुणी भरायला देत नाही. हेस्टरचा स्वभाव सांगायचा तर हा एक तपशील दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतो. तिच्या हातची कला समाजाला चालते, तिच्या हाताचा शुभकार्याला मात्र विटाळ. आपल्या वाचकाला हे टीप देऊन सांगायची गरज नाही.

अक्षराचा अर्थ हळूहळू बदलत जातो. गावातले काही लोक त्याचा अर्थ 'समर्थ' असा करू लागतात. आकाशात उल्केच्या उजेडात तेच अक्षर दिसते तेव्हा लोक त्यात देवदूत वाचतात. गाइडे इथेच थांबतात : प्रतीक बहुअर्थी आहे. ठीक आहे. पण या अक्षराशेजारी दुसऱ्या एका स्त्रीचे पुस्तक ठेवून पाहा. हॅरिएट जेकब्स ही नॉर्थ कॅरोलायनातील गुलाम स्त्री. मालकाच्या छळातून सुटण्यासाठी तिने दुसऱ्या एका गोऱ्या पुरुषाशी संबंध ठेवला, त्याच्यापासून तिला दोन मुले झाली. मग ती आजीच्या घराला लागून असलेल्या कोठीच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. तो माळा तिनेच मोजून सांगितला आहे : नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथे सर्वांत उंच तिथे तीन फूट. लाकडाला भोके पाडून ती खाली खेळणारी आपली मुले बघत असे. तिचे आत्मकथन १८६१ साली टोपणनावाने छापले गेले आणि पुढे कित्येक दशके ते एखाद्या गोऱ्या बाईने रचलेली कादंबरी आहे असेच अभ्यासक मानत राहिले. जीन फेगन येलिन या संशोधिकेने १९८० च्या दशकात कागदपत्रांनिशी ते जेकब्सचेच असल्याचे सिद्ध केले.

हेस्टरची मुलगी काढून घेण्याचा विचार राज्यकर्ते करतात. हेस्टर गव्हर्नरच्या वाड्यावर जाऊन भांडते आणि मुलगी तिच्याकडेच राहते. जेकब्सला असे भांडायला जागाच नव्हती. गुलाम आईचे मूल आईचीच अवस्था घेऊन जन्मते, म्हणजे ते मालकाचे, असा तिथला कायदा होता. हेस्टरला 'पाप' करता येते, कारण समाज तिला माणूस मानतो. जेकब्स मात्र वाचकाला विनवते की गुलाम स्त्रीला तुमच्या नीतीच्या मापाने मोजू नका. या दोन स्त्रिया समोरासमोर आल्या की लाल अक्षर लहान होत नाही, त्याला चौकट मिळते.

आणि हॉथॉर्न? ज्या वर्षी त्याची कादंबरी आली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पळालेल्या गुलामांना उत्तरेतूनही पकडून मालकाकडे परत पाठवण्याचा कायदा झाला. दोन वर्षांनी हॉथॉर्नने आपला मित्र फ्रँकलिन पिअर्स याचे निवडणुकीसाठी चरित्र लिहिले. गुलामी माणसांच्या प्रयत्नाने नव्हे, दैवी योजनेने आपल्या वेळी नाहीशी होईल, असा सूर त्यात आहे. पिअर्स राष्ट्राध्यक्ष झाला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलची वकिलातीतली नोकरी मिळाली. त्यामुळे कादंबरी टाकाऊ ठरते असे मी म्हणत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या अन्यायावर इतके सूक्ष्म लिहिणारा माणूस दारातल्या अन्यायापुढे असा गुळमुळीत होतो, हे मात्र त्याच्या संदिग्ध, दोन्ही बाजूंनी झुकणाऱ्या शैलीचा अभ्यास करताना विसरता येत नाही.

डग्लसकडे अक्षर उलट्या वाटेने येते. बाल्टिमोरला मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागली, नवऱ्याने थांबवले. हा शिकला तर गुलामीला नालायक होईल, असे त्याने पोरासमोरच सांगितले. मुलाने त्यातून नेमका उलट धडा घेतला. पुढे जहाजाच्या कारखान्यात सुतार फळ्यांवर खुणा करीत : डाव्या बाजूच्या फळीवर 'एल', उजव्या बाजूच्या फळीवर 'एस'. तो त्या खुणांवरून लिहायला शिकला. गल्लीतल्या गोऱ्या गरीब पोरांना भाकरीचा तुकडा देऊन वाचायला शिकला. हेस्टरवर अक्षर लादले जाते, डग्लसला ते चोरावे लागते. ज्ञानबंदी ज्यांच्या आजा-पणजांनी भोगली त्यांना या फळ्यांवरच्या अक्षरांचे मोल वेगळे सांगायला नको.

त्याचे पहिले आत्मचरित्र १८४५ साली बॉस्टनला प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र जोडलेले होते. दोघे गुलामीविरोधी चळवळीतले थोर पुरुष. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन सज्जनांना अर्पण केली, त्यांची आठवण व्हावी असे लोक. तरीही पाहा, काळ्या माणसाच्या शब्दाला गोऱ्या माणसाची ग्वाही लागली. ही रीत जुनी होती. फिलिस व्हीटली या गुलाम मुलीचा कवितासंग्रह १७७३ मध्ये लंडनला छापला गेला. कविता तिच्याच आहेत असे बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी सही करून दिलेले प्रमाणपत्र त्यात आहे. ज्या लेखकाला आधी लेखक असल्याचे सिद्ध करावे लागते त्याची शैली कशी घडते? डग्लसची वाक्ये तोललेली, विरोधाची दोन पारडी समोरासमोर ठेवणारी आहेत. जन्मतारीख ठाऊक नाही हे तो पहिल्याच पानावर थंडपणे सांगतो. आक्रोश थोडा, तपशील भरपूर. फटके मारणाऱ्याचे नाव, गाव, शेत, सगळे देतो. ही साधी शैली नव्हे, साक्षीदाराची शैली आहे. आपल्या आत्मकथनांना 'नुसता अनुभव, कला कुठे?' असे विचारणाऱ्यांनी डग्लसचे एक पान वाक्यरचनेच्या अंगाने सोडवून पाहावे.

मेलव्हिल हा या सर्वांत अवघड आणि, माझ्या मते, सर्वांत प्रामाणिक गोरा लेखक. त्याचा सासरा लेम्युएल शॉ मॅसॅच्युसेट्सचा मुख्य न्यायाधीश. याच शॉच्या काळात, १८५१ च्या एप्रिलमध्ये, टॉमस सिम्स या पळालेल्या गुलामाला बॉस्टनहून दक्षिणेत परत धाडले गेले आणि शॉने त्याची सुटका नाकारली. त्याच वर्षी 'मोबी डिक' आली. पांढऱ्या देवमाशाच्या पांढरेपणावर तिच्यात एक पूर्ण प्रकरण आहे. पांढऱ्याशी पावित्र्य जोडले जाते, इतर वर्णांवरचे प्रभुत्वही जोडले जाते, असे म्हणून मेलव्हिल याच रंगात भीती आणि पोकळी दाखवीत जातो. काळे म्हणजे अमंगळ ही युरोपची जुनी प्रतीकव्यवस्था तो उलटी करतो.

पण त्या जहाजावर पिप नावाचा एक काळा पोरगा आहे, आणि गाइडांत त्याला दोन ओळी मिळतात. शिकारीच्या होडीतून तो घाबरून उडी मारतो. अधिकारी स्टब त्याला बजावतो की पुन्हा उडी मारलीस तर उचलणार नाही. अलाबामात तुझी जी किंमत येईल तिच्या तीसपट देवमाशाची येते. पिप पुन्हा पडतो, अथांग समुद्रात एकटा राहतो आणि वेडा होतो. स्टब दुष्ट नाही, हसतमुख आहे. हे पात्रचित्रण झोंबते ते त्यामुळेच : हिशेब करायला दुष्टपणा लागत नाही.

पुढे कप्तान एहॅबने डोलकाठीला ठोकलेल्या सोन्याच्या नाण्यापुढे एकेक जण येतो आणि त्यावरच्या चित्राचा आपापला अर्थ लावतो. एहॅबला त्यात स्वतःच दिसतो, धार्मिक स्टारबकला धर्म दिसतो, फ्लास्कला फक्त त्याच्या किमतीत येतील तेवढ्या विड्या दिसतात. शेवटी वेडा पिप येतो आणि 'पाहणे' हे क्रियापद व्याकरणाच्या पुस्तकातल्यासारखे चालवतो : मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. प्रतीक म्हणजे काय याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. अर्थ नाण्यात नसतो, पाहणारा कोण आहे यात असतो. आणि हे ज्याला कळले तो त्या जहाजावर वेडा ठरलेला आहे.

'बेनितो सेरेनो' ही मेलव्हिलची १८५५ ची दीर्घकथा अभ्यासक्रमात क्वचित असते. ती असायला हवी. १८०५ साली चिलीच्या किनाऱ्यावर घडलेल्या खऱ्या प्रसंगाचे वर्णन अमेरिकन कप्तान अमासा डिलेनो याने १८१७ मध्ये छापले होते. मेलव्हिलने ते घेतले, साल १७९९ केले आणि 'ट्रायल' या जहाजाला 'सान डॉमिनिक' हे नाव दिले. ते ऐकताच सांतो डोमिंगो बेटावरचे गुलामांचे बंड आठवावे, जिथून हैतीचे स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले.

डिलेनो भला गृहस्थ आहे. मोडकळलेल्या स्पॅनिश जहाजाला मदत करायला तो चढतो. कप्तान सेरेनो आजारी, कापणारा. त्याच्या बगलेला सतत बाबो हा बुटका, इमानी नोकर. खरे असे की गुलामांनी जहाज केव्हाच ताब्यात घेतले आहे आणि मालक-नोकराचे हे नाटक बाबोने बसवलेले आहे. वाचकाला हे शेवटाकडे कळते, कारण सारी कथा डिलेनोच्या डोळ्यांतून चालते, आणि काळा माणूस एवढी अक्कल चालवू शकेल हे त्या डोळ्यांत मावतच नाही. बाबो सेरेनोची दाढी करतो तो प्रसंग पाहा. गळ्याभोवती कापड म्हणून स्पेनचा झेंडा, गळ्यावर वस्तरा. डिलेनोला कौतुक वाटते : हे लोक हजामतीसाठी आणि अंगसेवेसाठीच जन्मले आहेत, किती हौशी! काळी माणसे त्याला आवडतात ती, मेलव्हिल स्पष्ट सांगतो, एखाद्याला जातिवंत कुत्री आवडावीत तशी. जन्मावरून धंदा ठरवणारे आणि वर कौतुक करणारे भले गृहस्थ आपण पाहिलेले आहेत.

इथे शैली हाच आशय आहे. 'नसेल', 'असावे', 'तसे काही नाही' अशा वळणांची लांबलचक वाक्ये डिलेनोच्या संशयाला उठवतात आणि पुन्हा निजवतात. मग अचानक कोर्टाच्या जबानीची रुक्ष भाषा सुरू होते आणि तीच घटना सरकारी कागदावर येते. दोन शैली, दोन्ही गोऱ्यांच्या. तिसरी नाहीच. कित्येक समीक्षकांनी बाबो म्हणजे मूर्तिमंत दुष्टपणा असे लिहून ठेवले, म्हणजे डिलेनोपेक्षाही ते मागे राहिले. डिलेनोला निदान शेवटी वस्तरा दिसला.

'बाबोचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न आला तर विद्यार्थ्याने काय लिहावे? जहाजावर बाबो बोलतो ते सगळे सोंग आहे. पकडला गेल्यावर तो एक शब्दही बोलत नाही. त्याला बोलते करता येत नाही. लिमाच्या न्यायालयात त्याच्याविषयी पानेच्या पाने लिहिली जातात, त्यात त्याची स्वतःची जबानी नाही. त्याला फाशी देतात, शरीर जाळतात आणि मुंडके चौकात खांबावर लावतात. ते मुंडके कित्येक दिवस गोऱ्यांच्या नजरेला नजर देत राहते. चौकापलीकडे त्याच्या जुन्या मालकाची हाडे पुरलेली आहेत त्या चर्चकडे, आणि नदीपलीकडच्या टेकडीवरच्या मठाकडे, जिथे सेरेनो तीन महिन्यांनी मरतो.