यीस्टच्या धाग्यावर सोन्याची तार

कारखान्यात बारीक वस्तू घडवायची म्हणजे कोरीवकाम आले. चिपवरच्या तारांसाठी थर चढवायचे, नक्षी उमटवायची, नको तो भाग खरवडून काढायचा. माप नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात उतरले की या कामाला लागणारी यंत्रे अतोनात महाग होतात.

पेशी काही कोरत बसत नाही. तिच्यात प्रथिनांचे रेणू एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा धागा होतो. ॲक्टिनचा धागा सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचा, मायक्रोट्युब्यूलची नळी 25 नॅनोमीटरची. ही जाडी कुणी मोजून दिलेली नसते. रेणूच्या आकारातूनच ती ठरते. मग याच धाग्यावर धातू चढवून तार का करू नये? अडचण अशी, की हे दोन्ही धागे पेशीत सतत जुळतात आणि सुटतात. मायक्रोट्युब्यूल तर नुसत्या गारव्यानेही विरघळतात. तारेला हवा टिकाऊ धागा.

तो सापडला पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. यीस्टमधल्या ‘सप35’ या प्रथिनाचे नेहमीचे काम म्हणजे नवे प्रथिन तयार होत असताना ‘इथे थांबा’ या संकेतापाशी ते काम थांबवायला मदत करणे. मात्र त्याच्या एका टोकाला विचित्र खोड आहे. ते टोक आकार बदलून शेजारच्या तशाच टोकांना चिकटते, आणि एकावर एक थर लागून अमायलॉइड जातीचा धागा तयार होतो. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे धागेही याच जातीचे. यीस्टला मात्र त्याने मरण येत नाही; उलट ही चिकटलेली अवस्था जनुकात काहीही न बदलता आईपेशीकडून लेकीकडे जाते. सुझन लिंडक्विस्ट यांनी अनेक वर्षे या वारशाचा अभ्यास केला. थॉमस शायबेल, भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश येगर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी 2003 मध्ये या धाग्यापासून वीजवाहक तार केल्याचे प्रसिद्ध केले.

काम सुरू होते जिवाणूंपासून. सप35 मध्ये एकूण 685 अमिनो आम्ले आहेत, पण लागतो तो पहिला 253 आम्लांचा तुकडाच. त्याचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालून प्रथिन वाढवून घेतात आणि शुद्ध करतात. साखळ्या आधीच गुंतू नयेत म्हणून ते तीव्र रसायनात उलगडून ठेवतात. मग तो द्राव साध्या क्षारयुक्त पाण्यात पातळ करायचा. सुरुवातीला काहीच घडत नाही. द्राव तासन्‌तास स्वच्छ राहतो, कारण पहिले काही रेणू योग्य रीतीने जुळून येणे हीच सगळ्यात अवघड पायरी आहे. ती ओलांडली की वाढ झपाट्याने होते.

ही वाट पाहणे टाळता येते. तयार धागे ध्वनिलहरींनी तोडायचे आणि ते तुकडे ताज्या द्रावात घालायचे. दुधाला विरजण लावावे तसेच हे. फरक इतकाच, की विरजणात जिवंत जिवाणू वाढतात. इथे वाढतो तो फक्त आकार. तुकड्याच्या टोकाला आलेला मोकळा रेणू तिथली घडी उचलतो आणि स्वतःच नवे टोक बनतो. धागा दोन्ही बाजूंनी वाढतो. याचा फार मोठा फायदा म्हणजे लांबी हातात येते: तुकडे जास्त टाकले तर प्रथिन वाटले जाऊन धागे आखूड राहतात, कमी टाकले तर लांब होतात. साठ नॅनोमीटरपासून काहीशे मायक्रोमीटरपर्यंतचे धागे या गटाने मिळवले. जाडी मात्र सगळ्यांची 9 ते 11 नॅनोमीटर. उकळत्या पाण्याच्या जवळपासचे तापमान आणि शुद्ध अल्कोहोलही ते सोसतात.

पण हा धागा वीज वाहून नेत नाही. इथे या मंडळींनी जी पायरी योजली ती मला या प्रयोगातली सर्वांत देखणी वाटते. सोन्याचे कण प्रथिनाला पक्के जोडायचे तर गंधक असलेले सिस्टीन हे अमिनो आम्ल सोयीचे. सप35 च्या या 253 आम्लांच्या तुकड्यात सिस्टीन एकही नाही. म्हणजे आपण एकच बसवले तर सोने नेमके तिथेच लागणार. पण कुठे बसवायचे? धाग्याच्या गाभ्यात बसवले तर ते झाकले जाईल, शिवाय रेणूंची जुळणीही बिघडेल. त्यांनी निवडली 184 क्रमांकाची जागा. तिथल्या लायसिनऐवजी सिस्टीन घातले. धागा जुळल्यावर हा भाग पृष्ठभागावर उघडा राहतो आणि जुळणी पूर्वीसारखीच चालते. अडीचशेहून जास्त आम्लांपैकी एक बदलले आणि धाग्याच्या अंगावर जागोजागी सोन्यासाठी खुंटी तयार झाली.

पुढचे काम रसायनशास्त्राचे. 1.4 नॅनोमीटरचे सोन्याचे कण या खुंट्यांना चिकटवतात. पण दोन कणांमध्ये काही नॅनोमीटरची फट राहते आणि प्रवाह तिथे अडतो. म्हणून धागे आधी चांदीच्या आणि नंतर सोन्याच्या क्षारांच्या द्रावात ठेवतात. क्षारातला धातू आधीच्या कणांवरच साचतो, कण फुगतात, फटी बुजतात आणि सलग तार तयार होते. ती दोन इलेक्ट्रोडांवर आडवी असली की विजेचा दाब द्यायचा आणि प्रवाह मोजायचा. दाब वाढवला तसा प्रवाह सरळ प्रमाणात वाढत गेला. धातूच्या तारेकडून हीच अपेक्षा असते. धातू न चढवलेल्या धाग्यांतून प्रवाह गेला नाही.

एक उणीव उघड आहे. धातूच्या थरामुळे तारेची जाडी 80 ते 200 नॅनोमीटर झाली, म्हणजे मूळच्या धाग्याची नजाकत बरीचशी धातूखाली गाडली गेली. शिवाय धागे इलेक्ट्रोडांवर टाकले होते ते पडतील तसे. हव्या त्या जागी हवा तो धागा ठेवण्याची सोय या प्रयोगात नव्हती. जाडीच्या प्रश्नाला वेगळ्या वाटेनेही भिडता येते. 2006 मध्ये दुसऱ्या एका संशोधक गटाने अमायलॉइड बनवणाऱ्या वेगळ्या प्रथिनाला जनुकाच्या पातळीवरच सायटोक्रोम जोडले. सायटोक्रोम म्हणजे हीम हा लोहयुक्त घटक धरून ठेवणारे आणि इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणारे प्रथिन. धागा जुळला की हीमही त्याच्या अंगावर ओळीने मांडले जातात, धातूचा जाड थर न चढवता.